दोन खटले, एकच आरोपी : गिडियन विरुद्ध वेनराइट

४ ऑगस्ट १९६१ आणि ५ ऑगस्ट १९६३. फ्लोरिडातल्या पनामा सिटी या किनारपट्टीच्या गावात, बे काउंटीच्या न्यायालयात, या दोन दिवशी एकाच माणसावर एकाच चोरीचा खटला चालला. न्यायाधीश तेच, आरोप तोच, सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदारही तोच. पहिल्यांदा ज्युरीने आरोपीला दोषी ठरवलं, दुसऱ्यांदा निर्दोष. मधल्या दोन वर्षांत पुरावा बदलला नव्हता. दुसऱ्या वेळी आरोपीशेजारच्या खुर्चीत वकील बसला होता, एवढाच काय तो फरक.

अमेरिकी राज्यघटनेतले नागरी हक्क आणि नागरी स्वातंत्र्यं शिकताना गिडियनचं प्रकरण (शीर्षकातले वेनराइट म्हणजे फ्लोरिडाच्या तुरुंगखात्याचे प्रमुख) हमखास समोर येतं आणि बहुतेक वेळा ‘कैद्याने पेन्सिलीने अर्ज लिहिला आणि देशाचा कायदा बदलला’ एवढ्यावर उरकलं जातं. ते खोटं नाही, पण त्यातून कायदा कळत नाही. हे दोन खटले शेजारी शेजारी ठेवून मधली प्रत्येक पायरी तपासली, तर कळतो.

घटना आणि पहिला खटला

३ जून १९६१ च्या पहाटे बे हार्बर पूलरूममध्ये, म्हणजे बिलियर्ड्ससारखा पूल हा खेळ खेळायच्या जागेत, चोरी झाली. दार फोडलं होतं, सिगारेटचं यंत्र आणि गाण्यांची पेटी उचकटून चिल्लर काढली होती, बिअर आणि वाइनच्या काही बाटल्या गेल्या होत्या. साडेपाचच्या सुमारास क्लॅरेन्स अर्ल गिडियन हातात वाइनची बाटली घेऊन बाहेर पडताना दिसला, असं एका तरुणाने पोलिसांना सांगितलं. हाच पुढे सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार. गिडियन पन्नाशीचा, पूर्वी चार वेळा गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेला, मिळेल ते काम करणारा माणूस. अटक झाली तेव्हा खिशात बरीच नाणी सापडली.

‘किरकोळ चोरीच्या हेतूने घरफोडी’ असा आरोप होता. चोरी किरकोळ असली तरी घरफोडीमुळे फ्लोरिडाच्या कायद्यात हा गंभीर गुन्हा ठरत होता आणि त्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होता. न्यायाधीश रॉबर्ट मॅक्रेरी यांच्यापुढे उभं राहताच गिडियनने सांगितलं की खटल्याची तयारी झालेली नाही, कारण वकील नाही, आणि न्यायालयाने तो द्यावा. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार देहदंडाच्या आरोपातच वकील नेमता येतो, असं मॅक्रेरींनी उत्तर दिलं. त्यावर गिडियन म्हणाला, वकील मिळणं हा माझा हक्क आहे असं अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणतं.

इथे गिडियन चुकत होता. सर्वोच्च न्यायालयाने असं काही म्हटलेलं नव्हतं. उलट १९४२ मध्ये नेमकं विरुद्ध सांगितलं होतं. मॅक्रेरी त्या दिवशीच्या कायद्याप्रमाणे बरोबरच वागले. त्यांना दुष्ट ठरवलं की प्रकरण सोपं होतं आणि हातातून निसटतं.

मग गिडियनने आपला खटला स्वतःच चालवला. सहा जणांच्या ज्युरीपुढे सुरुवातीचं निवेदन केलं, सरकारी साक्षीदारांची उलटतपासणी घेतली, स्वतःचे साक्षीदार बोलावले, स्वतः साक्ष द्यायला नकार दिला आणि शेवटी आपण निर्दोष असल्याचं थोडक्यात सांगितलं. कायदा न शिकलेल्या माणसाच्या मानाने ही कामगिरी वाईट नव्हती. तरी ज्युरीने दोषी ठरवलं आणि २५ ऑगस्टला कमाल म्हणजे पाच वर्षांची शिक्षा झाली.

तेव्हाचा कायदा

प्रत्येक फौजदारी खटल्यात आरोपीला बचावासाठी वकिलाचं साहाय्य मिळण्याचा हक्क असेल, असं सहावी घटनादुरुस्ती म्हणते. हे शब्द १७९१ चे. मग अडचण कुठे होती? दोन ठिकाणी.

पहिली अडचण ‘हक्क’ या शब्दाच्या अर्थाची. त्या काळच्या इंग्लंडमध्ये गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला वकिलाकरवी पूर्ण बचाव करण्याची मुभाच नव्हती. ती १८३६ च्या कायद्याने मिळाली. त्या पार्श्वभूमीवर सहाव्या दुरुस्तीचा मूळ अर्थ इतकाच लावला जाई की तुम्ही वकील आणलात तर सरकार त्याला अडवू शकणार नाही. वकिलाचे पैसे सरकारने भरायचे, ही कल्पना फार नंतरची. नागरी स्वातंत्र्य म्हणजे सरकारने काय करू नये आणि नागरी हक्क म्हणजे सरकारने सर्वांना सारखं काय द्यावं, अशी विभागणी पाठ्यपुस्तकं करतात. गिडियनचं प्रकरण नेमकं त्या रेषेवर उभं आहे, म्हणून ते एकाच रकान्यात बसत नाही.

दुसरी अडचण राज्यांची. पहिल्या दहा घटनादुरुस्त्या फक्त संघ सरकारला बांधतात, असं बॅरन विरुद्ध बाल्टिमोर या १८३३ च्या निकालाने ठरलं होतं. खून, चोरी, मारामारी हे गुन्हे तर बहुतांशी राज्यांच्या न्यायालयांत चालतात. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने राज्यांवरही बंधन घातलं, की योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय कुणाचं जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. या वाक्यातून पहिल्या दहा दुरुस्त्यांतले हक्क एकेक करून राज्यांवर लागू करण्याचं काम न्यायालयाने विसाव्या शतकात केलं. गिडियनचा निकाल त्या साखळीतली एक कडी आहे.

वकिलाबाबत तोवर तीन पायऱ्या झाल्या होत्या. पॉवेल विरुद्ध अलाबामा, १९३२ : स्कॉट्सबरोच्या कृष्णवर्णीय तरुणांवर देहदंडाचा आरोप असताना त्यांना खरीखुरी वकिली मदत मिळाली नाही, म्हणून शिक्षा रद्द. जॉन्सन विरुद्ध झर्ब्स्ट, १९३८ : संघ न्यायालयांतल्या सर्व फौजदारी खटल्यांत गरिबाला वकील द्यायलाच हवा. आणि बेट्स विरुद्ध ब्रेडी, १९४२ : मेरीलँडमधल्या एका शेतमजुराला दरोड्याच्या आरोपात वकील नाकारला गेला होता, ६ विरुद्ध ३ मतांनी न्यायालयाने ते चालवून घेतलं. राज्यांच्या न्यायालयांत ‘विशेष परिस्थिती’ असेल तरच वकील सक्तीचा, असा नियम पडला. आरोपी निरक्षर असणं, अगदी कोवळा असणं, मानसिक दुर्बल असणं किंवा आरोप कायद्याच्या दृष्टीने गुंतागुंतीचा असणं, ही अशी परिस्थिती. बेट्समध्ये असहमती नोंदवणाऱ्या तिघांत न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक होते. हे नाव लक्षात ठेवा.

तुरुंगातून वॉशिंग्टनपर्यंत

गिडियनने आधी फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे आपली कैद बेकायदा आहे असं सांगून सुटका मागणारा अर्ज केला. ऑक्टोबर १९६१ च्या शेवटी तो फेटाळला गेला. मग तुरुंगाच्या रेघी कागदावर पेन्सिलीने लिहिलेला अर्ज वॉशिंग्टनला गेला आणि जानेवारी १९६२ मध्ये तिथे दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयात एरवी फी आणि छापील प्रती लागतात. निर्धन असल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं की दोन्हींतून सूट मिळते. ही सोय नसती तर पेन्सिलीचा काही उपयोग झाला नसता.

एक तपशील इथे वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो. ‘माझ्या बाबतीत विशेष परिस्थिती आहे’ असं गिडियनने म्हटलंच नव्हतं. तो निरक्षर नव्हता, वेडा नव्हता, आरोपही सरळ होता. वकिली डोक्याने पाहिलं तर ही अर्जातली त्रुटी. पण बेट्सचा नियम मुळातून तपासू पाहणाऱ्या न्यायालयाला असंच प्रकरण हवं होतं. विशेष परिस्थिती असती तर न्यायमूर्तींनी तेवढ्यावर अर्जदाराला दिलासा दिला असता आणि बेट्स जागच्या जागी राहिला असता. ४ जून १९६२ रोजी अर्ज दाखल करून घेताना न्यायालयाने दोन्ही बाजूंना प्रश्नच घालून दिला : बेट्स विरुद्ध ब्रेडीचा फेरविचार व्हावा का?

न्यायालयाची रचनाही बदलत होती. बेट्सचा नियम जपणारे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर १९६२ च्या उन्हाळ्यात निवृत्त झाले आणि आर्थर गोल्डबर्ग आले.

गिडियनतर्फे न्यायालयाने एब फोर्टास यांची नेमणूक केली. वॉशिंग्टनच्या बड्या वकिलांपैकी हे एक. पुढे स्वतः याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. फ्लोरिडातर्फे ब्रूस जेकब, सव्विशीच्या आसपासचे सहायक महाधिवक्ता. जेकब यांनी इतर राज्यांच्या महाधिवक्त्यांना पत्र लिहून पाठिंबा मागितला आणि डाव अंगाशी आला : फक्त अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलायना फ्लोरिडाच्या बाजूने उभे राहिले, तर २२ राज्यांनी बेट्स रद्द करा असं सांगणारं न्यायमित्र म्हणणं, म्हणजे पक्षकार नसलेल्यांनी न्यायालयापुढे मांडलेलं मत, सादर केलं. तोवर गंभीर गुन्ह्यांत गरिबाला वकील देण्याची रीत नसलेली राज्यं दक्षिणेकडची पाचच उरली होती.

१५ जानेवारी १९६३ च्या सुनावणीत फोर्टासनी मांडलेला एक मुद्दा घटनेच्या विद्यार्थ्याने दोनदा वाचावा. ‘राज्यांच्या कारभारात संघाने ढवळाढवळ करू नये’ हा बेट्सच्या बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद. फोर्टासनी तोच उलटा फिरवला. विशेष परिस्थिती होती की नाही हे प्रत्येक प्रकरणात मागाहून तपासायचं म्हणजे संघ न्यायालयांनी राज्यांच्या न्यायाधीशांचं एकेक काम उकरून काढायचं. यापेक्षा जास्त ढवळाढवळ कोणती? सरसकट नियमच कमी टोचेल. शिवाय आपल्या प्रकरणात विशेष परिस्थिती आहे, हे न्यायालयाला पटवून द्यायलासुद्धा वकीलच लागतो. क्लॅरेन्स डॅरो हा नामांकित फौजदारी वकील. त्याच्यावर खटला झाला तेव्हा त्यानेही आधी वकील गाठला, हा दाखला फोर्टासनी दिला.

निकाल

१८ मार्च १९६३, ९ विरुद्ध ०. निकालपत्र ह्यूगो ब्लॅक यांचं, म्हणजे एकवीस वर्षांपूर्वीची त्यांची असहमती आता कायदा झाली. त्यांचा आधार साधा होता. आरोपीवर खटला भरण्यासाठी सरकार वकिलांवर पैसा ओततं. ज्यांना परवडतं ते आरोपी चांगले वकील करतात. दोन्हीकडचे लोक असं वागतात याचा अर्थ फौजदारी न्यायालयात वकील ही चैन नसून गरज आहे.

तिघांनी सहमतीची स्वतंत्र मतं लिहिली. ती सोडून देऊ नयेत. टॉम क्लार्क म्हणाले की घटना जीविताला आणि स्वातंत्र्याला एकाच वाक्यात संरक्षण देते, मग देहदंडाचा खटला आणि तुरुंगवासाचा खटला यांत भेद कशाला? जॉन हार्लन यांना बेट्स रद्द करणं मान्य होतं, पण त्याचा अंत्यसंस्कार जरा सन्मानाने व्हायला हवा होता असं त्यांचं म्हणणं. १९५० नंतर न्यायालयाने जवळपास प्रत्येक वेळी ‘विशेष परिस्थिती’ शोधून काढलीच होती. नियम आतून पोकळ झाला होता आणि ब्लॅकनी शेवटचा धक्का दिला, एवढंच. पूर्वनिर्णय कसे मरतात हे हार्लनच्या त्या दोन-तीन पानांत जितकं स्वच्छ दिसतं, तितकं मुख्य निकालपत्रात दिसत नाही.

दुसरा खटला

विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. ‘सर्वोच्च न्यायालयाने गिडियनला सोडून दिलं’ असं उत्तरपत्रिकेत सर्रास लिहिलं जातं. न्यायालयाने शिक्षा उलटवून प्रकरण फ्लोरिडाकडे परत पाठवलं. गिडियन तुरुंगातच होता. त्याला वाटलं होतं की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरणं म्हणजे एका गुन्ह्याला दोन खटले, आणि पाचव्या दुरुस्तीत त्याला मनाई आहे. पण आरोपीने स्वतःच दाद मागून शिक्षा रद्द करून घेतली असेल, तर फेरखटल्याला ही मनाई लागू होत नाही. हे १८९६ पासून ठरलेलं आहे. मॅक्रेरींनी आक्षेप फेटाळला.

नागरी स्वातंत्र्य संघटनेचे वकील मदतीला आले होते, ते गिडियनने नाकारले आणि गावातलेच फ्रेड टर्नर मागितले. हट्ट फायद्याचा ठरला. टर्नरना गाव माहीत होतं, ज्युरीत बसणारे लोक माहीत होते, साक्षीदाराचा इतिहास माहीत होता. खटल्यापूर्वीचे दिवस त्यांनी पुरावा धुंडाळण्यात घालवले. कोठडीतल्या आरोपीला हे शक्यच नसतं.

टर्नरनी केलेल्या गोष्टी पाहा. मुख्य साक्षीदाराची पूर्वीची शिक्षा उलटतपासणीत बाहेर काढली. रात्रभर बाहेरगावी नाचगाण्यात घालवून हा माणूस पहाटे नेमका पूलरूमसमोर काय करत होता, असं त्याला विचारलं आणि चोरी करणाऱ्यांसाठी तोच पहारा देत असावा, अशी शंका ज्युरीच्या मनात पेरली. गिडियनने त्या पहाटे टॅक्सी बोलावली होती आणि ‘मला नेलं हे कुणाला सांगू नकोस’ असं चालकाला बजावलं होतं. ऐकणाऱ्याला हे सरळ अपराधी माणसाचं बोलणं वाटतं. टर्नरनी चालकालाच विचारलं, तो असं का म्हणाला? बायकोशी भांडण होतं म्हणून, चालकाने सांगितलं. शिवाय गिडियनजवळ एकही बाटली नव्हती, असंही तो म्हणाला. खिशातली नाणी जुगारात मिळाल्याचं या वेळी गिडियनने स्वतः साक्षीत सांगितलं.

उलटतपासणी म्हणजे साक्षीदाराशी वाद घालणं नव्हे. उत्तर आधीच ठाऊक असेल तोच प्रश्न विचारायचा आणि साक्षीदाराच्या तोंडून आपली बाजू वदवून घ्यायची. त्यासाठी आधी चौकशी लागते. पहिल्या खटल्यात गिडियनने प्रश्न विचारले होते, पण त्यांच्यामागे चौकशी नव्हती. ज्युरी साधारण तासाभरात परतली : निर्दोष.

हक्काची लांबीरुंदी

गिडियनने दिलेला हक्क कुठे लागतो आणि कुठे थांबतो, हे पुढच्या निकालांवरून मोजावं लागतं. त्याच दिवशी दिलेल्या डग्लस विरुद्ध कॅलिफोर्निया निकालाने तो शिक्षेनंतर हक्काने करता येणाऱ्या पहिल्या अपिलापर्यंत नेला. त्यापुढच्या, न्यायालयाच्या मर्जीवरच्या अपिलांना तो नाही (१९७४). १९६७ च्या गॉल्ट प्रकरणात बाल न्यायालयं त्याच्या कक्षेत आली. अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून अॅरिझोनातल्या १५ वर्षांच्या मुलाला २१ वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात धाडलं होतं. १९७२ मध्ये अर्जरसिंगर प्रकरणाने सांगितलं की गुन्हा किरकोळ असला तरी वकील न देता तुरुंगात पाठवता येणार नाही. आणि १९७९ मध्ये स्कॉट विरुद्ध इलिनॉयने रेघ ओढली : दुकानातल्या चोरीला कायद्याने वर्षभराची कैद होती, पण प्रत्यक्षात ५० डॉलर दंडच झाला, म्हणून वकील न मिळाल्याची तक्रार टिकली नाही. दिवाणी दाव्यांना तर हा हक्क सरसकट नाहीच. घर रिकामं करून घेण्याच्या दाव्यात बहुतेक ठिकाणी गरीब भाडेकरू एकटाच उभा असतो.

आणखी एक गल्लत. पोलिस चौकशीच्या वेळी वकील मागता येतो, ते १९६६ च्या मिरांडा निकालामुळे, आणि त्याचं मूळ पाचव्या दुरुस्तीत आहे : स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको. गिडियनचा वकील सहाव्या दुरुस्तीतला. तो हक्क आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे उभं केल्यावर सुरू होतो, असं २००८ च्या रॉथगेरी प्रकरणात स्पष्ट झालं.

हा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवून तीन वर्षं केली होती आणि निकालाची प्रत कैद्याला वेळेत मिळालीच नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गिडियनचा दाखला देत भारतीय राज्यघटनेतले अनुच्छेद २१ (जीवित आणि स्वातंत्र्याचं संरक्षण) आणि ३९अ (मोफत कायदेशीर साहाय्य) एकत्र वाचले आणि गरीब कैद्याला अपिलासाठी मोफत वकील व निकालाची प्रत देणं सरकारवर बंधनकारक केलं. २०१२ च्या कसाब निकालात मात्र मिरांडाचा नियम जसाच्या तसा उचलायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. पोलिसांपुढची कबुली आपल्या पुरावा कायद्यात मुळातच ग्राह्य नाही, हे त्यामागचं एक कारण. पहिल्यांदा हजर केल्यावर वकिलाचा हक्क समजावून सांगणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य ठरलं. खटल्याआधीच्या टप्प्यात वकील मिळाला नाही म्हणून खटला आपोआप रद्द होणार नाही, आरोपीचं त्यामुळे नुकसान झालं का ते पाहावं लागेल. प्रत्यक्ष खटल्यात मिळाला नाही तर मात्र खटलाच दूषित होतो. गिडियनच्या नियमातही खटल्याला वकीलच नव्हता इतकं दाखवणं पुरतं, नुकसान सिद्ध करावं लागत नाही.

पैसा कुणाचा

निकालपत्रात एक गोष्ट नाही : वकिलाचे पैसे कोण देणार? ते राज्यांवर सोडलं गेलं. फ्लोरिडाने १९६३ मध्येच राज्यभर सरकारी बचाव वकिलांची कार्यालयं उभी केली. इतरत्र कुठे खासगी वकिलांची प्रकरणागणिक नेमणूक, कुठे वर्षभराची सगळी प्रकरणं ठरावीक रकमेत घेणारं कंत्राट. कंत्राटाची मेख उघड आहे : प्रत्येक प्रकरणावर जितके कमी तास, तितका वकिलाचा नफा जास्त.

१९७३ च्या राष्ट्रीय आयोगाने एका वकिलाला वर्षाला १५० गंभीर किंवा ४०० किरकोळ प्रकरणं ही मर्यादा सुचवली होती. सुट्ट्या वगळून हिशेब केला तर गंभीर गुन्ह्याला जेमतेम दीड-पावणेदोन दिवस येतात. टर्नरनी एका पूलरूमच्या चोरीला याहून जास्त दिला. वकील दिला पण त्याने काम केलं नाही, तर? १९८४ च्या स्ट्रिकलंड निकालाची कसोटी दुहेरी आहे : वकिलाचं काम वाजवी दर्जापेक्षा खाली होतं, आणि तसं नसतं तर निकाल वेगळा लागण्याची रास्त शक्यता होती. दुसरी अट जीवघेणी आहे, कारण जो पुरावा वकिलाने शोधलाच नाही तो नोंदीवर नसतो आणि त्याच्याविना फरक दाखवणं अवघड.

२०१६ मध्ये मिसुरीच्या सरकारी बचाव वकिलांच्या प्रमुखांनी निधीकपातीला वैतागून खुद्द राज्यपाल जे निक्सन यांचीच एका गरीब आरोपीचे वकील म्हणून नेमणूक केली. निक्सन वकील होतेच. असा अधिकार प्रमुखांना नाही, असं न्यायालयाने ठरवलं. आणि फ्लोरिडात, जिथून हे सगळं सुरू झालं, तिथे सरकारी वकील मागणाऱ्या गरिबाला अर्जाबरोबर ५० डॉलर शुल्क लागतं. नसतील तर वकील नाकारत नाहीत. रक्कम खटल्याच्या शेवटी त्याच्या नावावर चढते.